वाटाण्याचा वेल आणि सिनेमाचे भांडवल

धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली दादरच्या आपल्या बंगल्यात एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडी थोडी फिल्म खर्च करून त्या मातीचे चित्रण केले. त्यातून तयार झालेली पट्टी पडद्यावर मिनिटभराहून थोडी अधिक चालत असे. माती दुभंगते, कोंब वर येतो, पाने फुटतात, वेल वर चढत जातो, एवढेच त्यात दिसे. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी तिकीट लावून दाखवण्यासाठी केलेली नव्हती. ज्यांच्या हाती पैसा होता अशा मोजक्या लोकांना घरी बोलावून फाळक्यांनी ती दाखवली आणि ती पाहून त्यांच्यातल्या काहींनी कर्ज देऊ केले. ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या भारतीय कथापटाची पैशाची सोय इथून सुरू झाली. नव्या धंद्याची कल्पना सांगून भांडवल उभे करण्याच्या आपल्याकडच्या इतिहासात या कुंडीला मानाचे स्थान द्यायला हवे.

त्या काळच्या मुंबईत पैसा नव्हता असे नाही. कापसाचा व्यापार, गिरण्या, गोदी, शेअर बाजार यांनी शहर गजबजलेले होते. पण कर्ज मिळे ते तारणावर. जमीन, घर, सोने, कापसाच्या गाठी, गोदामातला माल असे हाताला लागणारे काही असेल तर सावकार बोलत असे. नुसत्या कल्पनेवर पैसे लावण्याची हौस मुंबईने एकदा पुरेपूर भोगली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या १८६४-६५ च्या लाटेत समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि त्या पडझडीत बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. कागदावरच्या कंपनीविषयीचा संशय त्यानंतर व्यापाऱ्यांच्या घरांत पिढीजात झाला.

स्वदेशीच्या चळवळीने मात्र या संशयाला एक वाट करून दिली. वंगभंगानंतर देशी उद्योगाला पैसा देणे हे देशकार्य ठरू लागले. जमशेदजी टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल जमेना, तेव्हा १९०७ साली त्यांच्या मुलाने आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच शेअर विक्रीला काढले. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी ते उचलले. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा जमवण्याची कल्पना घेऊन गावे पालथी घातली. टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. पोलाद आणि काच या वस्तू लोकांना ठाऊक होत्या, त्यांचा खप होता. स्वदेशीने फक्त ‘आपलीच का नको’ हा प्रश्न विचारला. फाळक्यांची अडचण वेगळी होती. त्यांना जो माल करायचा होता तो या देशात कसा होतो हेच कोणी पाहिलेले नव्हते.

सिनेमा मुंबईला नवा नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईतल्या एका कुस्तीचे चित्रण केले होते. पुढे तंबूंतून आणि मग पक्क्या थिएटरांतून परदेशी चित्रे दाखवण्याचा धंदा चांगला रुजला. पण तो धंदा दाखवण्याचा होता. चित्रे बाहेरून यायची, यंत्र बाहेरून यायचे आणि नफा तिकिटांचा. कथा बेतायची, नट जमवायचे, चित्रण करायचे, फिल्म धुवायची, जोडायची आणि प्रती काढायच्या हे सगळे एका देशी माणसाने देशी पैशावर करावे, असा कारखाना नव्हता. पैसेवाल्याच्या मनात येणारी सर्वांत जवळची उपमा नाटक कंपनीची, आणि नाटक कंपन्यांचे हिशेब कसे असतात हे मराठी माणसाला चांगले माहीत होते.

अशा लोकांसमोर फाळके गेले तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली आणि घर मुंबईला आले. धुंडिराजांनी जे. जे. कला शाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, साचेकाम, नाटकाचे पडदे रंगवणे, जे जे दृश्याशी संबंधित ते ते त्यांनी हाताखालून घातले. गोध्र्यात फोटोचा स्टुडिओ काढला, तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेले. एका जर्मन जादूगाराकडून जादूही शिकले आणि आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने तिचे प्रयोग केले. ही गोष्ट चरित्रकार गंमत म्हणून सांगतात, पण पुढच्या हकिगतीत तिचे वजन मोठे आहे. लोकांच्या डोळ्यांसमोर काय ठेवायचे, किती वेळ ठेवायचे आणि विस्मय ओसरण्याआधी कुठे थांबायचे हे त्यांना रंगमंचावर उभे राहून कळले होते.

पुरातत्त्व खात्यातली नोकरी त्यांनी स्वदेशीच्या दिवसांत सोडली आणि छपाईच्या धंद्यात उडी घेतली. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना होता. त्या चित्रांच्या कामातून देवादिकांच्या रंगीत तसबिरी घरोघर कशा पोचतात हे त्यांनी आतून पाहिले. पुढे त्यांचा स्वतःचा छापखाना भागीदारीत दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपाला आला, आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसले. कारखाना ज्यांच्या कर्तबगारीवर उभा होता तेच फाळके त्यातून बाहेर पडले, आणि दुसऱ्या छापखान्यांची बोलावणी आली तरी गेले नाहीत. उत्पन्न थांबले. पैसे मागायला निघालेल्या माणसाच्या पाठीशी कारागिरीची साक्ष भरपूर होती, आणि मोडलेल्या भागीदारीचा डागही होता.

१९११ साली गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. येशूच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो खेळ दाखवला आणि चित्रे कशी हलतात हे समजावून दिले. नंतरचे दोन महिने मुंबईत लागेल तो प्रत्येक चित्रपट पाहायचा, घरी येऊन विचार करायचा, जुन्या बाजारातून आणलेल्या खेळण्यातल्या यंत्रावर मेणबत्तीच्या उजेडात फिल्मचे तुकडे भिंतीवर पाडून पाहायचे, असा क्रम चालला. झोप उडाली आणि डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली.

पहिला पैसा मिळाला तो कल्पनेवर नव्हे, माणसावर. फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस हे फाळक्यांचे स्नेही. कला शिकून यायची तर लंडनला जावे, ही सूचना चिटणीसांची. फाळक्यांनी बारा हजार रुपयांची आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि दहा हजारांचे कर्ज उभे केले. नाडकर्णींचा धंदा पाहता त्यांना फाळक्यांच्या हाताची किंमत इतर कोणाहीपेक्षा अधिक समजत होती, तरीही व्यवहार झाला तो तारणावरच. चित्रपटाच्या नावावर अजून कोणी दमडीही दिलेली नव्हती.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीत बसले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. पिकॅडिलीजवळ ‘बायोस्कोप’ या सिनेमाविषयक साप्ताहिकाची पाटी दिसली, तेव्हा ते सरळ आत गेले आणि संपादक केबर्न यांच्यासमोर आपली सगळी हकीगत मांडली. केबर्नने आधी सावध केले, पण समोरच्या माणसाची तळमळ आणि माहिती पाहून त्याने त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ हे इंग्लंडमधले नामांकित निर्माते. वॉल्टन येथे त्यांचा स्टुडिओ होता. तिथे फाळक्यांना सर्व विभाग पाहता आले. पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा, भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म यांची व्यवस्था लावून ते १ एप्रिलला मुंबईत परतले. त्याच दिवशी फाळके फिल्म्स कंपनी स्थापन झाली. कंपनी म्हणजे तेव्हा ते, सरस्वतीबाई आणि मुले.

यंत्रे मे महिन्यात आली. बंगल्याच्या आवारात काचेची खोली बांधली, अंधारखोली तयार केली. कच्च्या फिल्मला कडेची भोके नसत. ती अंधारात, हाताने यंत्र चालवून पाडावी लागत. सरस्वतीबाई हे काम शिकल्या, फिल्म धुवायलाही शिकल्या. आसपासच्या मुलांचे चित्रण करून फाळक्यांनी कॅमेरा तपासून घेतला. आता सगळे होते, भांडवल नव्हते. नेमक्या त्याच दिवसांत, १८ मे १९१२ रोजी, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ लागला. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता, कॅमेरा परदेशी माणसाच्या हाती होता. देशी विषय पडद्यावर येऊ शकतो हे त्याने दाखवले. देशी माणसाच्या हातून ही विद्या पुरती साधते का, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाटाणा आला. फाळक्यांनी हरिश्चंद्राचा एखादा प्रवेश चित्रित करून दाखवला असता तर पाहणाऱ्याने त्याची तुलना नाटकाशी केली असती. नट कसा आहे, पोशाख कसे आहेत, यावर बोलणे गेले असते. नटांना पैसे द्यावे लागले असते ते निराळेच. वाटाण्याला वेतन लागत नाही. कुंडी, माती आणि खिडकीतला उजेड एवढ्यावर काम भागते. शिवाय वेल उगवताना कोणी पाहिलेला नसतो. माणूस कोंब पाहतो, पान पाहतो, शेंग पाहतो, पण वाढ दिसत नाही. दीड मिनिटात ती डोळ्यांसमोर घडली की पाहणारा आपोआप कबूल करतो, की या यंत्राला नाटकाच्या हाती नसलेले काहीतरी साधते. आणि ज्याने ते साधले तो माणूस समोरच उभा असतो.

या चित्रणाची हकीगत सांगताना फाळके रोज एक चौकट घेत असे लिहिले जाते. साधा हिशेब केला तर एवढ्याने भागत नाही. त्या काळी सेकंदाला सोळा चौकटी हे प्रमाण धरत. मिनिटाला ९६० चौकटी लागतात. रोज एकच घेतली असती तर महिनाभराची मेहनत पडद्यावर दोन सेकंदांत संपली असती. म्हणजे रोज पंचवीस-तीस चौकटी तरी घेतल्या असणार. हाताने चालवायच्या कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की साधारण आठ चौकटी होत, त्यामुळे हे काम रोजच्या तीन-चार फेऱ्यांचे. कष्ट फिरवण्यात नव्हते. कॅमेरा महिनाभर तसूभरही हलता कामा नये, उजेड फार बदलता कामा नये, कुंडीला कोणाचा धक्का लागता कामा नये, आणि सगळे ठीक झाले की नाही हे फिल्म धुतल्यावरच कळणार. मुले-बाळे असलेल्या घरात हे सांभाळले गेले, यात सबंध कुटुंबाची शिस्त दिसते.

वनस्पतीच्या वाढीचे असे चित्रण जगात पहिले नव्हते. जर्मनीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी ते केले होते, आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुले उमलतानाचा चित्रपट करून प्रेक्षकांना थक्क केले होते. फाळक्यांची करामत तंत्र शोधण्यात नव्हती, त्याचा उपयोग कुठे करायचा हे ओळखण्यात होती. प्रयोगशाळेतली आणि करमणुकीतली ही युक्ती त्यांनी पैशाच्या बोलणीत आणली. त्या मिनिटभरात कथेचे सगळे अवयव होते. आरंभी काहीच दिसत नाही, मग धडपड, मग आधार शोधत वर जाणे. पैसे लावणाऱ्याला जे ऐकायचे असते तेच ती पट्टी एकही शब्द न वापरता सांगत होती: आज पेरा, वाढ होईल, आणि ती कशी होईल हे मला माहीत आहे. आज नवउद्योजक गुंतवणूकदारांसमोर ‘पिच’ करतात तेव्हा त्यांना आधी चालता नमुना दाखवायला सांगितले जाते. फाळक्यांचा नमुना आणि गोष्ट ही एकच वस्तू होती, आणि असा योग फार थोड्या धंद्यांना लाभतो.

पट्टी पाहून नाडकर्णींसह नारायणराव देवहरे आणि आणखी काहींनी कर्ज देऊ केले. तरी ते पुरेसे नव्हते आणि बिनतारणी तर नव्हतेच. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने गहाण ठेवायला काढून दिले. पुढे चित्रणाच्या काळात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री फिल्मची भोके आणि धुलाई, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणे हे सगळे त्यांनी केले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या भांडवलाचा हिशेब मांडताना हे श्रम जमेच्या बाजूला लिहायला हवेत.

विषयाच्या निवडीतही भांडवलाचा विचार होता. हरिश्चंद्राची गोष्ट कीर्तनकाराने सांगितलेली, नाटकांतून पाहिलेली, आजीकडून ऐकलेली. पैसे देणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नव्हती, आणि प्रेक्षकालाही नाही. मूकपटात ही मोठी सोय. वचन पाळण्यासाठी राज्य, पत्नी, मुलगा सगळे गमावणारा राजा पडद्यावर दिसला की पाट्या वाचता न येणाऱ्यालाही प्रसंग कळतो. तसबिरींच्या छपाईत फाळक्यांनी जे पाहिले होते तेच इथे कामी आले. ज्या घरात रविवर्म्याची सरस्वती भिंतीवर आहे त्या घरातला माणूस हे चित्र पाहायला येईल, असा हा अंदाज होता.

चित्रपट पुरा व्हायला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. लांबी ३,७०० फूट, चार रिळे. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना साडी नेसवली गेली. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. निमंत्रितांचा खेळ हीसुद्धा भांडवलाच्या वाटेवरची पायरी होती. शहरातल्या वजनदार माणसांनी आधी पाहावे, वर्तमानपत्रांनी लिहावे, म्हणजे पुढच्या चित्रपटासाठी बोलणे सोपे जाते.

सुरतेत मात्र पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले. सहा-सहा तासांची नाटके पाहणाऱ्या लोकांना दीड तासाचा खेळ महाग वाटत होता. फाळक्यांनी चित्रपट लांबवला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे, असा तिचा आशय होता. गर्दी लोटली. यातला पहिला आकडा तपासण्यासारखा आहे. फुटाला सोळा चौकटी धरल्या तर ३,७०० फुटांत सुमारे ५९,००० छायाचित्रे भरतात, म्हणजे सत्तावन्न हजार हे प्रामाणिक मोजमाप होते. मैल मात्र ५,२८० फुटांचा, त्यामुळे दोन मैलांचा दावा या एका चित्रपटाला लागू पडत नाही. लोकांना मोलाची वाटेल अशा मापात आपला माल मांडणे, हे फाळके सुरतेत शिकले.

१९१३ मध्येच त्यांनी कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ झाले. हे तिन्ही चित्रपट घेऊन १९१४ साली ते पुन्हा लंडनला गेले. दोन वर्षांपूर्वी तिथे शिकायला गेलेला माणूस आता आपला माल घेऊन गेला होता. खेळांची वाखाणणी झाली. फाळक्यांनी इंग्लंडमध्येच राहून भारतीय विषयांवर चित्रपट करावेत असे हेपवर्थ यांनी सुचवले. दरमहा ३०० पौंड आणि नफ्यात वीस टक्के वाटा असा तो प्रस्ताव होता, असे चरित्रकार नोंदवतात. दुसऱ्याच्या भांडवलावर, दुसऱ्याच्या देशात, आपल्या गोष्टी सांगायच्या, हे फाळक्यांना पटले नाही. हा धंदा भारतात राहावा म्हणून तो त्यांनी सुरू केला होता. ते परतले, आणि महायुद्ध सुरू झाले.

युद्धाने पैसा आखडला. कर्ज देणाऱ्यांनी हात आवरले, कच्ची फिल्म महागली. नाशिकचा कारखाना कसाबसा तग धरून होता. या काळात फाळक्यांनी पुन्हा वाटाण्याचाच मार्ग धरला, पण गोष्ट बदलली. १९१७ साली त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट केला. ‘अंकुराची वाढ’ने यंत्राची शक्ती दाखवली होती, हा लघुपट कारखाना दाखवतो. दिग्दर्शक नटांना सूचना देतो आहे, फिल्म तपासली जाते आहे, जोडली जाते आहे. युद्धकाळात धास्तावलेल्या सावकाराला आता चमत्कार नको होता. पैसा कशावर खर्च होतो ते हवे होते. फाळक्यांनी ऐकणाऱ्याची शंका बदलली तशी आपली मांडणी बदलली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांची ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला सुरू झाली. येशूचा चित्रपट पाहताना आलेला अनुभव, दोन महिन्यांचे वेड, गेलेली दृष्टी, लंडनची वारी, पत्नीचे सहकार्य, हे सगळे आज आपण जाणतो ते मुख्यतः या लेखांमुळे. चित्रपटाच्या इतिहासकारांनी त्यांचा वापर आठवणी म्हणून केला आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या तारखेकडे लक्ष द्यायला हवे. हे लेखन निवृत्त माणसाने सवडीने केलेले नाही. कारखान्याला भांडवल हवे असताना, नवी कंपनी उभी राहण्याच्या तोंडावर, सुशिक्षित मराठी वाचकांपुढे मांडलेली ही धंद्याची कुळकथा आहे. यामुळे तिची सत्यता कमी होत नाही. उलट फाळक्यांनी कोणते प्रसंग निवडले हे त्यातून कळते. त्यांनी नफ्याचे कोष्टक मांडले नाही. हा धंदा मी सर्वस्व पणाला लावून शिकलो, तो स्वदेशी आहे, आणि आता तो समाजाने उचलून धरावा, हा त्या लेखांचा रोख आहे. टाटांचे शेअर आणि काळ्यांचा पैसा ज्या भावनेवर जमला त्याच भावनेला हे आवाहन होते.

लेखांइतकेच, किंबहुना अधिक, काम त्याच वर्षीच्या ‘लंका दहन’ने केले. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता दोघेही रंगवले. मारुतीची शेपटी पेटते, तो आकाशात उडतो आणि बघता बघता लहान होत जातो, या दृश्यांसाठी लोक पुन्हा पुन्हा येत. मद्रासेत तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असे सांगितले जाते. आता भांडवलदार स्वतःहून आले. टिळकांच्या मध्यस्थीने मनमोहनदास रामजी आणि रतनजी टाटा यांच्यासारख्या मंडळींकडून मर्यादित कंपनी काढण्याची बोलणीही झाली, पण ती तडीस गेली नाहीत. शेवटी वामन श्रीधर आपटे, लक्ष्मण बळवंत फाटक, मायाशंकर भट, माधवजी जेसिंग आणि गोकुळदास दामोदर या पाच जणांशी भागीदारी ठरली. १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. आपटे व्यवस्थापक भागीदार, फाळके कार्यकारी भागीदार.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘श्रीकृष्ण जन्म’, पुढचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’. दोहोंत फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पैसा मिळू लागला आणि वादही सुरू झाले. भागीदारांना खर्चाचा अंदाज, वेळापत्रक आणि हिशेब हवा होता. फाळक्यांना मनासारखे दृश्य मिळेपर्यंत थांबायचे नव्हते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: फाळक्यांनी आजवर जे पटवले ते विस्मयाच्या जोरावर, आणि ज्यांना पटले ते आता भागीदार म्हणून रोज कचेरीत बसत होते. कर्ज देणारा व्याज मिळाले की गप्प राहतो. भागीदार निर्णयात वाटा मागतो. हा फरक आधीच्या बोलण्यांत कुठे उकलून मांडलेला दिसत नाही. १९१९ मध्ये फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. त्यांच्याविना कंपनीचे चित्रपट तसे चालेनात, आणि १९२२ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. पुढे काही वर्षे ते नाशिकला चित्रपट करत राहिले, पण कंपनीची सूत्रे पुन्हा त्यांच्या हाती आली नाहीत. बोलपटांच्या काळात त्यांनी कोल्हापुरात ‘गंगावतरण’ केला, तो १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

फाळक्यांनी केलेल्या शंभराच्या आसपास चित्रपटांपैकी फारच थोडे उरले. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे, ‘लंका दहन’चा तुकडा, ‘श्रीकृष्ण जन्म’चे अंश, बराचसा ‘कालिया मर्दन’. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने हे अवशेष जपले. त्यांतच ‘चित्रपट कसे तयार करतात’चाही भाग आहे. सावकारांना दाखवण्यासाठी केलेल्या त्या पट्टीत फाळके स्वतः काम करताना दिसतात: नटांना उभे राहण्याची जागा दाखवतात, हातात फिल्मची पट्टी धरून उजेडाकडे नेतात आणि चौकट न् चौकट निरखतात.